जमिनीवरून उठताना

“पण मग माझं चुकलं कुठं, बाई?”

हर्षलानं पुन्हा तेच विचारलं.

खामकरबाई मेथी निवडत होत्या. पानं एकीकडं, देठ एकीकडं. उत्तर द्यायची त्यांना काही घाई नव्हती.

वाईच्या मुलींच्या शाळेत बाईंनी उभी हयात कवायत शिकवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी त्यांच्या अंगणात चार बायका जमायच्या, हातपाय हलवायच्या आणि आपापल्या कामाला जायच्या. दारावर पाटी नव्हती. त्याला काही नावही नव्हतं.

हर्षला जमदाडे ही बाईंचीच विद्यार्थिनी. खो-खोत जिल्हा गाजवलेली. पुढं पुण्याला जाऊन तिनं व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि परत येऊन बाजारपेठेत खास बायकांसाठी जिम काढली. चारी भिंतींना आरसे लावले. आरशांच्या वर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं : थांबला तो संपला.

जिम चांगली चालली होती. एक बाई येईनाशी झाली होती, एवढंच. पण ते हर्षलाच्या जिव्हारी लागलं होतं.

“शालन पिसाळसाठी मी काय करायचं बाकी ठेवलं?” ती म्हणाली. “नदीपलीकडं बालवाडी चालवते ती. साखर वाढलेली, गुडघा आखडलेला. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं, तशी आली. तिला मी शिकवणाऱ्या दुसऱ्या मुलींच्या हाती दिलं नाही. स्वतः शिकवलं. एक मिनिट एकटं सोडलं नाही. चुकली की तिथल्या तिथं सांगितलं. जमलं की तोंडभरून कौतुक केलं. आणि ती...”

“आणि ती?”

“फोन उचलत नाही. काल रस्त्यात समोरून आली. मला बघितलं आणि पटकन एका दुकानात शिरली.”

“काही घ्यायचं असेल.”

“पंक्चर काढायचं दुकान होतं, बाई!”

बाईंच्या तोंडावर हसू उमटलं. त्यांनी मेथीची परात बाजूला सारली.

“चहा घेशील?”

हर्षलाला चहा नको होता, उत्तर हवं होतं. पण बाईंना नाही म्हणायची तिला सवय नव्हती.

बाईंनी कपबशी तिच्यापुढं ठेवली. मग स्वतः तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ येऊन बसल्या.

“हं. उचल.”

हर्षलानं कप उचलला.

“असा नाही. कपाचा कान नीट धर. अंगठा वर. पाठ ताठ ठेव... शाब्बास! आता ओठांपर्यंत आण. सावकाश, सावकाश. वा! बघ, जमतंय की तुला. आता घोट घे. मान किती पुढं जातेय? श्वास सोड. छान! अजून एक...”

कप हिंदकळला. चहा हर्षलाच्या ट्रॅकसूटवर सांडला.

“बाई! काय चाललंय हे?”

“हात का थरथरला?”

“तुम्ही अशा बघत होता म्हणून.”

“मी तर शाबासकी देत होते.”

बाईंनी फडकं आणून जमीन पुसली. हर्षलाला दुसरा कप भरून दिला. आणि मेथीची परात पुन्हा पुढ्यात ओढली.



हर्षला हुशार होती. हुशार माणसाला उत्तर फार लवकर सापडतं, हीच त्याची अडचण असते. घरी पोचेपर्यंत तिला उत्तर सापडलं होतं. आपण फार बोलतो. फार बघतो. बास, आता गप्प राहायचं.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये ती गप्प राहिली. हाताची घडी घालून कोपऱ्यात उभी राहिली. कुणाला काही सांगितलं नाही, कुणाचं कौतुक केलं नाही.

थोड्या वेळानं व्यायामाला येणाऱ्या रुखसानाभाभी जवळ आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, “ताई, आमचं काही चुकलं का?”

“नाही, भाभी.”

“मग घरी काही झालं का?”

“नाही हो.”

भाभींचा विश्वास बसला नाही. त्यांनी बाकीच्यांना खूण केली. सगळ्या जणी चोरट्यासारख्या व्यायाम करू लागल्या. एकीनं वजन वाकडं उचललं. हर्षलाला ते दिसलं होतं. पण गप्प राहायचं ठरलं होतं... त्या बाईच्या पाठीत चमक भरली. तिला आडवं करून शेकायची वेळ आली.

संध्याकाळी हर्षला तणतणत बाईंच्या दारात उभी.

“तुमचं ऐकलं, बाई. गप्प राहिले. आणि एकीच्या पाठीत चमक भरली.”

“मी गप्प राहा म्हणाले?”

हर्षला आठवू लागली. बाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या. बाई तसं पाहिलं तर काहीच म्हणाल्या नव्हत्या.

“मग बोलायचं, की नाही बोलायचं?”

“शालनला काय हवंय?”

“वजन उतरवायचंय. साखर ताब्यात आणायचीय.”

“ते डॉक्टरांना हवंय.”

बाईंनी पुन्हा विचारलं.

“शालनला काय हवंय?”

हर्षलानं तोंड उघडलं. शालनताईंचं वजन तिला पाठ होतं. त्यांची साखर पाठ होती. कमरेचा घेर, गुडघा किती वाकतो, त्या रात्री भात खातात की भाकरी, सगळं माहीत होतं. तिनं तोंड मिटलं.

“ते... विचारलं नाही.”

बाईंनी मान हलवली. रागानं नाही. ‘पाऊस येईल वाटतं’ म्हणताना माणूस हलवतो, तशी.

“जा मग,” त्या म्हणाल्या.

बालवाडी म्हणजे एक लांबोडकी खोली होती. खाली सतरंजी, भिंतीवर फळं आणि पक्षी, मागं चिंचेचं मोठं झाड. हर्षला पोचली तेव्हा शाळा सुटायला आली होती. ती दाराबाहेरच उभी राहिली.

पोरं सतरंजीवर गोल करून बसली होती. शालनताई लोखंडी खुर्चीवर.

“बाई, माझा हत्ती बघा ना!” एक पोरगी ओरडली. तिनं पाटी वर धरली.

शालनताई वाकल्या. जेवढं वाकता येत होतं तेवढं. पाटी अजून लांब होती. त्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “छान काढलायस हं.”

“बघितलाच नाही तुम्ही,” पोरगी म्हणाली. तिनं पाटी खाली ठेवली आणि हत्ती बोटानं पुसून टाकला.

पोरं गेली. मग शालनताईंना दारातली हर्षला दिसली. त्यांचा चेहरा उतरला.

“मॅडम... मी येणारच होते. गुडघा जरा...”

“मी बोलवायला नाही आले.”

“मग?”

“एक विचारायचं राहिलं होतं. तुम्हाला काय हवंय, शालनताई?”

शालनताई हसल्या. त्या हसण्यात काही नव्हतं.

“आता काय हवं असणार? दिवाळीनंतर बालवाडी सोडतेय मी. संस्थेत सांगूनही टाकलंय.”

“का?”

“पोरं खाली, मी वर. असं कुठं शिकवणं असतं का? एवढी वर्षं मांडीला मांडी लावून शिकवलं मी. अंगावर चढायची, पदर ओढायची, मांडीवर झोपून जायची. आता लांबनं बघतात. खुर्चीवरची बाई म्हणजे त्यांना साहेब वाटते.”

त्यांनी खुर्चीच्या दांडीवरून हात फिरवला.

“मला खाली बसायचंय, मॅडम. आणि कुणाचा हात न धरता उठायचंय. बाकी वजनाचं काय व्हायचं ते होईल.”

हर्षलाच्या ओठावर प्रश्न आला होता : मग हे आधी का नाही सांगितलंत? तो तिनं गिळला. वेगळं विचारलं.

“जिम का सोडलीत?”

शालनताई खिडकीबाहेर चिंचेकडं बघू लागल्या.

“सांगा ना.”

“राग येईल तुम्हाला.”

“आला तरी सांगा.”

“त्या दिवशी मी चटईवरून उठले. तुम्हाला धरून. आठवतं?”

हर्षलाला चांगलं आठवत होतं. तिच्या अभिमानाचा दिवस होता तो. शालनताई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं गाणं बंद केलं होतं आणि मोठ्यानं सांगितलं होतं : सगळ्यांनी शालनताईंसाठी जोरदार टाळ्या!

“तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्यात,” शालनताई म्हणाल्या.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून...”

“माहितीय की. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मॅडम, इथं एखाद्या पोराला चड्डीचं बटण लावता आलं ना, की मी अशाच टाळ्या वाजवते.”

त्या थांबल्या.

“जमिनीवरून उठले, म्हणून टाळ्या. तेव्हा मला कळलं, मी कुठवर येऊन ठेपलेय ते. आणि तोंड लपवावं म्हटलं, तर जिकडं वळावं तिकडं आरसा. सगळीकडं मीच. घामानं निथळणारी. आणि बाया टाळ्या वाजवतायत, वाजवतायत...”

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

 पुण्यात हर्षला स्नायूंची नावं शिकली होती, हाडांची शिकली होती. याला काय म्हणतात, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती सतरंजीवर बसली. पोरं बसतात तशी. खालून तिला शालनताई खरंच फार उंच दिसल्या.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

“असू दे.”

“मी इथं आले तर चालेल? पोरं गेल्यावर. दुसरं कुणी नसेल.”

शालनताईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

“टाळ्या?”

“नाही.”

“मग या.”

त्याआधी दोघी मिळून डॉक्टरांकडं गेल्या. गुडघा दाखवला. दुखेल तिथं थांबायचं आणि घाई करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग हर्षला येऊ लागली. आधी खुर्चीवरून उठणं-बसणं. मग बुटक्या स्टुलावरून. मग पाटावरून. हात लावण्याआधी ती विचारायची, “धरू का?” शालनताई कधी हो म्हणायच्या, कधी नाही. नाही म्हटल्यावर हात मागं घेणं हर्षलाला पहिल्या पहिल्यांदा फार जड गेलं.

काही दिवस शालनताई म्हणायच्या, “आज नको. आज अंगात बळ नाही.” मग दोघी नुसत्या बसायच्या. शालनताई पोरांच्या गमती सांगायच्या. हर्षलाचं लक्ष सारखं घड्याळाकडं जायचं. हळूहळू ते जाईनासं झालं.

बोलायचं तिथं ती बोलायची. “पाय जरा मागं घ्या.” “श्वास कोंडू नका.” पण एकदा शालनताई भलत्याच तऱ्हेनं उठायला गेल्या. आधी एका कुशीवर वळल्या, मग हात टेकला, मग चांगल्या पायाचा गुडघा. पुण्यात शिकवलेली ती रीत नव्हती. हर्षला सांगणारच होती... पण तिनं आधी नीट बघितलं. अशा उठण्यानं दुखऱ्या गुडघ्यावर भारच येत नव्हता. ती म्हणाली, “हे कुठं शिकलात?”

“शिकते कशाला? असंच जमतंय मला.”

“मग असंच करा.”

खाली बसणं जमलं. हात न धरता उठणं तेवढं राहिलं. शालनताई अर्ध्यापर्यंत यायच्या आणि नेमकं तिथं त्यांचा हात हवेत हर्षलाचा हात शोधायचा. आणि तो हात तिथं असायचाच. धरू का, हे विचारायच्या आधीच.

एका दुपारी हर्षला बाईंकडं गेली.

“बाई, ती उठू शकते. मला स्पष्ट दिसतंय. पायांत ताकद आहे. पण उठत नाही.”

बाईंनी चपला घातल्या.

“चल.”

बालवाडीत पोहोचल्यावर बाई खुर्चीवर टेकल्या. शालनताईंशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. माहेर कुठलं, पोरांना कुठली गाणी आवडतात, चिंच कधी पिकते. हर्षलानं तोवर भिंतीलगत गाद्या अंथरल्या. उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला स्टूल. सगळं हाताशी आहे, हे तिनं दोनदा पाहून घेतलं.

शालनताई खाली बसल्या. मांडी घालून. अगदी सहज.

मग उठायला गेल्या.

कुशीवर वळल्या, हात टेकला, गुडघा टेकला... आणि परत खाली आल्या.

पुन्हा प्रयत्न केला. अर्ध्यापर्यंत आल्या. हात हवेत गेला. हर्षलाचा हात पुढं झाला.

तेवढ्यात बाई खुर्चीवरून उठल्या. सावकाश खिडकीपाशी गेल्या आणि खोलीकडं पाठ करून उभ्या राहिल्या.

मान वळवून त्यांनी हर्षलाकडं एकदाच पाहिलं.

हर्षला जागची हलेना. समोरच्या माणसावरची नजर हलू द्यायची नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला धडा होता. तिनं तो कित्येकींना शिकवलाही होता. आणि बाई पाठ फिरवून उभ्या...

तिनं शालनताईंकडं पाहिलं. शालनताई बाईंच्या पाठीकडं बघत होत्या.

“शालनताई, मी तिकडं जाऊ?”

शालनताईंनी विचार केला.

“लांब नाही ना जाणार?”

“इथंच आहे. खिडकीपाशी.”

“मग जा.”

हर्षला जाऊन बाईंशेजारी उभी राहिली. दोघी पाठमोऱ्या. बाहेर चिंचेचं झाड, त्यापलीकडं ऊन.

हर्षलाची मान मागं वळू बघत होती. तिनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी डोळे मिटले होते. मान किंचित कलती, एक कान मागं.

मागं बांगड्या वाजल्या.

तळवा गादीवर आपटला. श्वास. पुन्हा श्वास, लांब.

मग काहीच नाही...

काहीच नाही...

भिंतीवरून काहीतरी घासत गेल्यासारखं झालं. “आई गं,” असं अगदी हळू कुणीतरी म्हणालं. स्टूल करकरलं. हर्षलानं श्वास रोखून धरला होता. श्वास कोंडू नका म्हणून ती सगळ्यांना सांगायची.

आणि पुन्हा सगळं शांत.

“काय बघताय एवढं?”

आवाज अगदी कानाशी आला. शालनताई दोघींच्या मधे येऊन उभ्या होत्या. कपाळ घामानं ओलं, केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला.

“राघू,” बाई म्हणाल्या. “तो बघ, वरच्या फांदीवर. कोवळी चिंच कशी कुरतडतोय.”

“हो की. रोज असतो तो.”

तिघी राघू बघत राहिल्या. हर्षलाचे तळहात शिवशिवत होते. तिनं खिडकीचे गज घट्ट धरून ठेवले.

शालनताई पदर नीट करत म्हणाल्या, “उद्या जाऊन संस्थेत सांगते. दिवाळीनंतरचं राहू दे म्हणावं.”

 शालनताईंनी मग स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. तिघींनी सतरंजीवर बसून तो प्यायला. निघताना सगळ्यात आधी शालनताई उठल्या आणि बाईंना म्हणाल्या, “द्या हात.” बाईंनी हात दिला.

परतीच्या वाटेवर पूल लागला. कृष्णेला पाणी बेताचं होतं. बाईंना चढानं दम लागला, तशा त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.



“बाई...”

“हं.”

“आज उठली, ते बरंच झालं. पण आपण दोघीही पाठमोऱ्या होतो. तिच्याकडं बघणारं खोलीत कुणी नव्हतं.”

बाई पाण्याकडं बघत होत्या.

“ती पडली असती तर?”

बाईंनी दम घेतला. पदरानं मान पुसली. मग कठडा सोडून त्या चालू लागल्या.

“आवाज आला असता की.”